डाव्या हाताचं पुस्तक

पुन्ता आरेनासला वारा असा सुटतो
की फाटकापासून दवाखान्याच्या दारापर्यंत
दोर बांधलेला असतो, धरून चालायला.
त्याच दोराला धरून यास्ना आली,
कोटाच्या आत घडी केलेला कागद:
तीन पुस्तकं, तीन किमती.
पैसे एकाचेच.

मी नेल्दा. पुस्तकं निवडणं माझं काम नाही,
मी मेणाच्या वड्या कापते. बावीस वर्षं.
स्तनाची वडी पात्याखाली आली की बोटांना आधी कळतं:
चरबी आहे, मेण पुरतं मुरलेलं नाही,
काप चुरगळणार.
कोमट पाण्यावर तो सोडायचा, श्वास रोखून,
काचेवर अलगद झेलायचा.
मग निळा रंग, मग गुलाबी.
मग ते दोघं बघतात.

डॉक्टर व्र्सालोविच मार्चमध्ये निवृत्त होणार.
त्यांचं जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं
की आपोआप एकाच पानावर उघडतं.
तिथे गुलाबी अंगठा उमटलाय, त्यांचाच,
आणि समासात पेन्सिलीने एक आकडा.
आकड्याबद्दल कुणी विचारत नाही.

हिशेबनीस म्हणाला होता, छापील कशाला, नेटवर असेल की.
त्याच दुपारी वाऱ्याने तार तुटली,
आम्ही काही बोललो नाही.

"हे जाड," यास्ना म्हणाली, "यात सगळं आहे.
जगात चार बायकांना झालेली गाठसुद्धा."
"त्यातली पाचवी इथे येईपर्यंत
ते ठेवशील कुठे? उजवा हात चाकावर असतो,
डोळा भिंगात.
पुस्तक डाव्या हाताने उघडलं पाहिजे
आणि उघडं राहिलं पाहिजे."

दुसरं परीक्षेचं. ठळक अक्षरं, चौकटी, तक्ते.
"सान्तियागोत पास होशील," डॉक्टर म्हणाले.
"मग मंगळवारी सुईतून येईल
पेन्सिलीतल्या शिशाएवढा तुकडा.
शितावरून भाताची परीक्षा,
आणि शीतच अर्धकच्चं."

तिसऱ्याची चारच पानं मिळाली होती, नमुन्याची.
कर्करोगाचं पान तिने बघितलंच नाही.
"ते सगळ्यांचंच चांगलं असतं.
मला तो दाखवा जो कर्करोग नाही,
पण त्याचेच कपडे घालून येतो."
तिने शोधली ती कडेची रांग,
नळीभोवतीच्या पेशींची, एकेरी, पुसट.
रांग असली तर बाई घरी जाते.
नसली तर नाही.
आणि कधीकधी
आहे म्हणावी तर आहे.

"अगं, या चित्रात घडी पडलीय," मी म्हटलं.
मला राहवलं नाही.
"आणि ही तिरपी रेघ, पात्याला खाच आहे त्यांच्या.
असला काप मी टोपलीत टाकते."
यास्नाचा चेहरा उजळला.
"म्हणूनच, नेल्दा! बाकीच्यांची चित्रं
लग्नातल्या फोटोंसारखी आहेत."
(मला जरा लागलंच. टोपलीत टाकते
हे तितकंसं खरंही नव्हतं.)

डॉक्टरांनी चित्राखालची ओळ वाचली,
बोट ठेवून, शाळेतल्या मुलासारखी:
इथे खात्रीने सांगता येत नाही.
आणखी खोलवरचे काप मागवा.
चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.
"माझ्या पुस्तकात," ते म्हणाले,
"ही ओळ नव्हती."

समासातला तो आकडा मला पाठ आहे.
त्या वडीचा मी एकच काप घेतला होता.
दुसरा कुणी मागितला नाही,
मीही विचारलं नाही.
वडी अजून खणात आहे, मेण पिवळं पडलंय.

पुस्तक यायला सहा आठवडे,
बोट वेळेवर असेल तर.
तोवर मंगळवार येतच राहतात.
आज यास्नाने भिंगावरून मान न उचलता विचारलं,
"नेल्दा, अजून एक मिळेल?"

वडी बर्फावर ठेवली.
पातं नवं लावलं.